पंप नवा, रोग जुना: घाटात दम तोडणाऱ्या टर्बो गाडीला कोणता फ्युएल पंप?

लक्षण ऐकलं की पुढचं वाक्यही ओळखता येतं, इतका हा प्रकार आता नेहमीचा झालाय. पेट्रोल टर्बो गाडी, रीमॅप केलेली, म्हणजे ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) प्रोग्राम बदलून पॉवर वाढवलेली. रत्नागिरीहून साखरप्यापर्यंत तक्रारीला जागा नाही. आंबा घाट सुरू झाला, तिसऱ्या गिअरला पाय दाबला आणि काटा चार हजारांच्या वर सरकला की गाडी अडखळते, धक्के देते, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो. पाय उचलला की पुन्हा गरीब गाय. मग कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "पंप पुरत नाही रे, मोठा टाक." २५५ लिटरचा, म्हणजे तासाला तेवढं पेट्रोल ढकलणारा, बसतो. थोडे दिवस बरे जातात. एक पावसाळा सरला की तेच रडगाणं. मग ३४० लिटरचा बसतो, आणि पुढच्या गणपतीला चाकरमानी गाडी घेऊन पुन्हा दारात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पंपाच्या खोक्यावरचा लिटरचा आकडा हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. त्याआधी दोन गोष्टी मोजायच्या: चालू इंजिनवर पंपाच्या पिनपर्यंत किती व्होल्ट पोचतात, आणि पंपाला किती दाबाविरुद्ध पेट्रोल ढकलायचं आहे. हे दोन आकडे हातात नसताना घेतलेला पंप म्हणजे नुसता जुगार. शिवाय आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस बघता, कोकणात बरेचसे पंप स्वतःच्या दोषाने मरतच नाहीत. त्यांना मारतात वायर, अर्थ (बॉडीला जोडलेली मायनसची बाजू) आणि टाकीतला हातभर होज.

दाब मोजल्याशिवाय पंपाला हात लावू नका

फ्युएल रेलवर, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, टेस्ट व्हॉल्व्ह असेल तर गेज सरळ लागतं. नसेल तर रेलकडे येणाऱ्या लाइनमध्ये टी-जॉइंट टाकावा लागतो. गेज वायपरपाशी काचेवर टेपने घट्ट बसवा, म्हणजे घाट चढताना शेजारी बसलेल्याला काटा दिसेल. पेट्रोल भरलेली नळी केबिनमध्ये आणायची नाही, मग मेस्त्री कितीही म्हणो "काय होत नाय". आत आकडा हवाच असेल तर इलेक्ट्रिक प्रेशर सेन्सर लावा आणि फक्त त्याची वायर आत घ्या.

आता तुमची गाडी रिटर्न लाइनवाली (जादा पेट्रोल इंजिनकडून टाकीत परत आणणारी नळी असलेली) आहे की बिनरिटर्नची, हे माहीत हवं. रिटर्नवाल्या गाडीत दाब धरून ठेवणारा रेग्युलेटर इंजिनजवळ असतो आणि त्याला इंजिनला हवा देणाऱ्या मॅनिफोल्डहून एक बारीक व्हॅक्यूमची नळी येते. ही नळी काढून आयडलला (पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) दाब पाहिला तर समजा ३ बार दिसतो. हा तुमचा बेस प्रेशर. नळी परत लावली की तो साधारण अर्ध्या बारने उतरतो. टर्बोचा बूस्ट, म्हणजे त्याने कोंडलेल्या हवेचा दाब, चढला की दाबही त्याच्या बरोबरीने चढायला हवा: १ बार बूस्टला ४ बार. तिसऱ्या गिअरला, पूर्ण पाय दाबलेला असताना बूस्ट १ बार आणि गेजवर जेमतेम ३.२, असं दिसलं तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय हे नक्की. पुरवठा म्हणजे मात्र एकटा पंप नव्हे, त्याकडे पुढे येतो.

बिनरिटर्नच्या गाडीत रेग्युलेटर टाकीतच, पंपाच्या मॉड्यूलमध्ये असतो आणि दाब कायम एकाच आकड्यावर, म्हणजे समजा ३.५ बारवर धरलेला असतो. घाटात तो तिथेच राहायला हवा, खाली घसरला तर पुरवठ्यात खोट. पण या गाड्यांत एक मेख आहे आणि बहुतेकांचे पैसे तिच्यापायीच जातात. रेलमध्ये ३.५ बार असला तरी मॅनिफोल्डमध्ये १ बार बूस्ट असताना इंजेक्टरच्या तोंडावर खरा फरक उरतो अडीच बारचा. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं, म्हणजे इथे साधारण १५ टक्के घट. ईसीयूमधल्या कंपनीच्या मॅपमध्ये हे गृहीत धरलेलं असतं. रीमॅप करणाऱ्याने बूस्ट वाढवला की इंजेक्टर जवळजवळ सतत उघडे राहायला लागतात आणि तरी पेट्रोल कमीच पडतं. तिथे ४५० लिटरचा पंप टाकलात तरी तो रेग्युलेटर ३.५ बारच्या वरचं सगळं टाकीत सोडून देणार. इंजेक्टर बदला, नाहीतर बूस्ट उतरवा. पंपाचं तिथे काही काम नाही.

आणि दाब ठणठणीत असूनही गाडी अडखळत असेल तर पंप विसराच. आधी स्पार्क प्लग काढून गॅप बघा. बूस्ट वाढवला आणि प्लग जुनेच ठेवले तर नेमकं असंच होतं, कारण जास्त दाबाच्या मिश्रणात ठिणगी उडायला कॉइल कमी पडते. चार प्लगचा खर्च एका चांगल्या पंपापुढे काहीच नाही. कॉइल, इंटरकूलरच्या नळीची ढिली क्लिप, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर ही पुढची मंडळी. गाडीच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय ते) आणि जमल्यास वाइडबँड सेन्सरचं लॅम्बडा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचं) रीडिंग दाबासोबत एकाच वेळी नोंदवा. लॅम्बडा लीन होतोय, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि त्याच क्षणी दाबही पडतोय, अशी जोडी जुळली तरच टाकी उघडा.

मागची सीट उचलल्यावर

बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली एक गोल किंवा चौकोनी झाकण असतं. ते काढलं की पंपाच्या मॉड्यूलचं डोकं दिसतं: दोन नळ्या आणि एक कनेक्टर. हा कनेक्टर काढा आणि उजेडात धरा. कोकणातल्या चार-पाच पावसाळे काढलेल्या गाडीत पिनांवर हिरवा कळंक चढलेला सापडला नाही तर मला नवल वाटेल. बरेचदा चारांपैकी एका पिनभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडून किंचित बसलेलं असतं, नखाने दाबलं तर त्याचा भुगा होतो. ती पिन पंपाच्या प्लसची किंवा अर्थची. मूळ पंप चार-सहा अँपिअर ओढायचा, त्या हिशोबाने ती पिन बनवलेली. तिच्यातून आता दहा-बारा अँपिअर जातायत आणि वर कळंकाचा रोध. पिन तापते, तापली की तिची पकड सैल होते, सैल झाली की आणखी तापते. नवा पंप टाकल्यावर काही महिन्यांनी तेच लक्षण का परततं, त्याचं उत्तर निम्म्या वेळा इथेच मिळतं. पंप दोनदा बदललेला, कनेक्टर मात्र तोच.

चिपळूण, खेडकडची सेकंडहँड गाडी घेतली असेल तर इथे जास्तच बारकाईने बघा. जुलै २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. वरून धुऊन-पुसून चकाचक केलेल्या गाडीतही सीटखालच्या हार्नेसच्या टेपमध्ये वाशिष्ठीचा गाळ सापडू शकतो.

आता मल्टिमीटर. बॅटरीवर, इंजिन चालू असताना, समजा १४ व्होल्ट आहेत. कनेक्टर जोडलेलाच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवा आणि पंपाच्या प्लस-मायनसमध्ये व्होल्टेज बघा. कनेक्टर काढून, पंपावर लोड नसताना मोजू नका. तेव्हा गंजकी वायरही १४ दाखवते आणि "करंट बरोबर येतोय" असा निकाल देऊन मेस्त्री मोकळा होतो. चालू पंपावर १३.५ असेल तर उत्तम. १२ असेल तर चोर सापडला. मग एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं पंपाच्या प्लसवर ठेवून किती व्होल्ट वाटेत हरवतायत ते बघा. तसंच मायनसचं. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त हरवत असेल तर ते आधी निस्तरा. आपल्याकडे अर्थची बाजू जास्त दगा देते, कारण तो बोल्ट सहसा बॉडीच्या पत्र्यावर, चटईखाली ओलीत बसलेला असतो.

दीड व्होल्टने असा काय फरक पडतो, असं तोंडावर विचारतात. विहिरीवरची मोटर आठवा. उन्हाळ्यात संध्याकाळी लाइटचा दाब उतरला की मोटर घुमत राहते आणि वरच्या टाकीत पाणी काही चढत नाही. पंपाच्या कागदावरचा आकडा साधारणपणे १३.५ व्होल्ट आणि ४० पीएसआयला, म्हणजे २.७५ बारला धरून दिलेला असतो. १३.५ चे १२ झाले की पेट्रोलचा प्रवाह बऱ्याच पंपांत १५-२० टक्क्यांनी खाली येतो, आणि दाब जास्त असेल तर त्याहूनही अधिक. वायर नीट करून मूळ पंपालाच हा १५-२० टक्के फायदा मिळतो, तोही शे-पाचशे रुपयांत.

वायरचा हिशोब करून बघा. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे १७ मिलिओहम. जाण्या-येण्याचे मिळून आठ मीटर धरले आणि १० अँपिअर गेले, तर जवळपास १.४ व्होल्ट वायरमध्येच जिरले. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर हाच आकडा अर्ध्या व्होल्टवर येतो, चारची घेतली तर एक-तृतीयांशावर. म्हणून मोठा पंप घालायचाच असेल तर सोबत नवी वायर, नवा रिले आणि नवा अर्थ हे आलंच. ते धरून बजेट बसत नसेल तर पंप घेऊ नका.

रिले जोडताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. नव्या रिलेच्या कॉइलला, म्हणजे ८५-८६ ला, मूळ पंपाच्याच वायरचा इशारा द्यायचा. ३० नंबरला बॅटरीहून फ्यूजसकट जाड वायर, ८७ वरून पंपाला. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. काही जण सोपं म्हणून इग्निशनच्या वायरवरून रिले ओढतात. मग इंजिन बंद पडलं तरी पंप चालूच राहतो. गाडी कठड्याला आदळली, नळी फुटली आणि पंप पेट्रोल ओततोय, याची कल्पना करा. कंपनीचा ईसीयू इंजिन थांबलं की पंप बंद करतो, ती सोय अशा जोडणीत मरते.

वायर शक्यतो कल्हई केलेल्या तारांची घ्या. बंदरावर बोटींचं वायरिंग करणाऱ्या माणसाला विचारा, तो ती का वापरतो ते नीट समजावून सांगेल. लग क्रिम्प करून त्यावर गोंदवाली हीट श्रिंक नळी चढवा. नुसती काळी टेप गुंडाळलेला सांधा मालवण-वेंगुर्ल्याकडे एक पावसाळाही धड काढत नाही. टेपच्या आत दमट हवा कोंडते आणि तांबं आतून काळं पडत जातं.

टाकीच्या आतली भानगड

मॉड्यूल बाहेर काढलं की पंप आणि झाकण यांच्यामध्ये एक छोटा होज दिसेल. आफ्टरमार्केट पंप बसवताना मूळ नालीदार प्लॅस्टिकची नळी कापून तिथे रबरी होज लावला जातो. आता गंमत अशी की साधा फ्युएल होज आतून पेट्रोल सहन करतो, बाहेरून नाही. टाकीत तो दोन्ही अंगांनी पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. काही महिन्यांत फुगतो, मऊ पडतो, क्लिपपाशी उभा चिरतो. त्या चिरेतून पंपाचं पेट्रोल टाकीतल्या टाकीत परत जातं. आयडलला दाब बरोबर, घाटात कमी. बाहेर थेंबाची गळती नाही की वास नाही, त्यामुळे दोष पंपावर येतो. बुडून राहण्यासाठी वेगळा होज मिळतो. त्यावर एसएई ३० आर १० असं छापलेलं असतं. तो महाग आहे, हातभरच लागतो, तोच घ्या. क्लिपही पूर्ण गोल दाबणाऱ्या घ्या, स्क्रूच्या धारदार पट्टीवाल्या नकोत.

इथे इथेनॉलचाही विषय येतो. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते बहुतेक ई२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे ओलीला तोटा नाही. गाडी गावाला पडवीत उभी करून मालक मुंबईला, टाकी पाव भरलेली, थेट शिमग्याला चावी फिरवणार, हे घराघरांतलं चित्र. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतून पाणी जमतं, पुरेसं झालं की इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि पंपाची जाळी नेमकी तळाशीच असते. जुन्या पत्र्याच्या टाकीत यातून गंज, मग जाळी चोंदणं, मग चोंदलेल्या जाळीतून ओढता ओढता पंपाचं घोटभर वाफेवर कोरडं फिरणं. नवा पंप जुन्या जाळीवर बसवणाऱ्या मेस्त्रीकडे मी गाडी देणार नाही. जाळी नवी, बाहेरचा फिल्टर नवा, आणि टाकीच्या तळाला हात घालून बोटाला काय लागतं ते बघायचं. उभी ठेवायची गाडी टाकी भरून ठेवा.

तिसरी गोष्ट फार कमी जण बघतात. मॉड्यूलच्या खाली एक प्लॅस्टिकचा डबा असतो, पंप त्यात बसतो. गाडी वळणावर कलंडली, पेट्रोल टाकीच्या एका बाजूला सरकलं, तरी या डब्यात साठा राहावा अशी योजना. डबा सतत भरलेला ठेवायला बऱ्याच मॉड्यूलमध्ये एक बारीक जेट असतं. पंपाच्याच थोड्या पेट्रोलच्या जोरावर ते टाकीतलं पेट्रोल डब्यात ओढतं. जाड पंप मावत नाही म्हणून डबा कापला, किंवा त्या जेटची नळी "जास्तीची" म्हणून उपटून टाकली, की टाकी पाऊण असताना सगळं ठीक आणि पावावर आली की आंबोलीच्या प्रत्येक नागमोडी वळणानंतर एक आचका. तुमच्या गाडीचं लक्षण वळणाशी आणि टाकीतल्या पातळीशी बांधलेलं असेल, रेव्हशी नसेल, तर पंपाचे लिटर मोजत बसू नका. डबा बघा.

मग पंप किती लिटरचा

हे सगळं करून झालं, दाब अजूनही पडतोय, किंवा पॉवर खरोखरच बरीच वाढवली आहे, तर आता हिशोबाला बसू.

टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरावर दर हॉर्सपॉवरमागे तासाला सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल खातं असं धरा. लिटरचं वजन साधारण ७४५ ग्रॅम. म्हणजे हॉर्सपॉवरला ०.३६ लिटर. रीमॅप करून १५० हॉर्सपॉवरवर नेलेल्या गाडीला तासाला ५४ लिटर लागले. ई२० मध्ये ऊर्जा कमी असल्यामुळे सात-आठ टक्के जास्त, म्हणजे ५८. वर पाव हिस्सा राखीव ठेवला तर ७३. दोनशे हॉर्सपॉवरला हाच हिशोब ९७ च्या आसपास जातो, अडीचशेला १२० च्या.

आता सांगा, दीडशे-दोनशे हॉर्सपॉवरच्या गाडीत ३४० लिटरचा पंप कशासाठी? कुडाळचा एक मुलगा विचारत होता, "काका, पण मोठा असला तर वाईट काय? उरलेलं पेट्रोल परतच जातं ना?" परत जातं, पण फुकट जात नाही. आयडलला इंजिन तासाला लिटरभर पितं. बाकी तीनशेच्या वर लिटर रेग्युलेटरने परत पाठवायचे. मूळ रेग्युलेटर आणि बारीक रिटर्न लाइन तेवढं पचवू शकत नाहीत, मग ३ च्या जागी बेस प्रेशरच साडेतीनवर अडकतो. गाडी आयडलला रिच, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलवर, चालते, ट्रिम उणे जातात, प्लग काळे पडतात आणि ट्यून करणारा डोकं खाजवत बसतो. शिवाय १५ अँपिअर ओढणारा पंप म्हणजे २०० वॅट. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पेट्रोलमध्येच उतरते. बाहेर काही न जाता ती आतच राहिली तर दहा लिटर पेट्रोल तासाभरात चाळीसेक अंशांनी तापेल एवढी ती आहे. प्रत्यक्षात टाकी गार होत राहते, म्हणून तेवढं तापत नाही. पण रिटर्न लाइन इंजिनच्या गरम खोलीतून फिरून येते हेही धरा. गणपतीच्या गर्दीत माणगावला दोन तास अडकलेली, पावावर आलेली टाकी, आणि तापलेल्या पेट्रोलची पंपाच्या तोंडाशीच वाफ. गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. अशी गाडी बघितली की मी पहिला प्रश्न पंपाच्या साइजचा विचारतो.

म्हणून लिटरचा एकच आकडा न बघता विकणाऱ्याकडे प्रवाहाचा आलेख मागा: कोणत्या दाबाला, कोणत्या व्होल्टेजला, किती. तुमचा दाब म्हणजे बेस अधिक बूस्ट. बेस ३ आणि बूस्ट १.२ असेल तर ४.२ बारच्या रेषेवर बघायचं, आणि व्होल्टेज तुम्ही स्वतः पिनवर मोजलेलं घ्यायचं. तिथे मिळणारा आकडा तुमच्या गरजेपेक्षा थोडा वर असला की झालं. २५५ लिटरवाला पंप ४.२ बारला २५५ देत नाही, पण दोनशे हॉर्सपॉवरच्या गाडीला लागतं त्याच्या दुपटीच्या आसपास तरीही देतो. त्यामुळे पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत फवारणाऱ्या), अडीचशे हॉर्सपॉवरच्या आतल्या गाड्यांसाठी माझा कौल असा: आधी कंपनीचाच नवा, अस्सल पंप आणि नवं वायरिंग. तो आलेखावर खरोखर कमी पडला तर २५५ च्या वर्गातला. ३४० आणि ४५० वाले त्यांना शोभतील अशा गाड्यांना सोडा.

आलेख नसेल तर निदान प्रत्यक्ष मोजा. रिटर्न लाइन मापाच्या धातूच्या कॅनमध्ये सोडून पंप ३० सेकंद चालवला आणि लिटरभर आलं, तर १२० लिटर ताशी. हे उघड्यावर, इंजिन गार असताना, शेजारी अग्निशामक ठेवूनच. पंप चालू-बंद करणं फ्यूजपाशी, म्हणजे कॅनपासून लांब व्हायला हवं. बिडीवाल्याला आधी अंगणाबाहेर काढा.

जातीचाही थोडा विचार. वाल्ब्रो कंपनीचा २५५ चा जुना प्रसिद्ध पंप गिअरसारख्या रोटरचा आहे. दाब चढला तरी टिकून राहतो, पण मागच्या सीटवरच्यांना त्याची घूं ऐकू येते. नव्या बऱ्याच पंपांत टर्बाइन असतं, ते शांत चालतात, पण दाब वाढला की प्रवाह लवकर पडतो. काही पंप आतल्या रिलीफ व्हॉल्व्हच्या फरकाने दोन प्रकारांत येतात. टर्बो गाडीला जास्त दाबावर उघडणारा घ्यायचा, नाहीतर ऐन बूस्टमध्ये पंप स्वतःच पेट्रोल सोडून देतो. आणि इथेनॉल चालतं असं निर्मात्याने लेखी दिलेलं असावं.

नकली माल हा वेगळाच ताप. वाल्ब्रोच्या नावाचे बनावट पंप जगभर विकले जातात आणि खोकं हुबेहूब असतं. अर्ध्या किमतीत "ओरिजिनल" मिळतोय म्हटल्यावर समजून जा. अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासकट घ्या आणि अंगावरचा नंबर कंपनीच्या यादीशी ताडून बघा.

टाकीबाहेर लावायचे इनलाइन पंप मात्र आपल्या हवेत मी सुचवणार नाही. ते ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चे. टाकीच्या खालच्या पातळीला लावावे लागतात, म्हणजे नेमका चिखल, खारं पाणी आणि जांभ्याची माती उडते तिथे. वर पेट्रोलमध्ये बुडलेले नसल्याने ते तापतातही लवकर.

डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांसाठी (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या), म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआय वगैरे मंडळींसाठी, वरचं निम्मंच लागू आहे. त्यांच्या टाकीतला पंप इंजिनवरच्या हाय प्रेशर पंपाला नुसता पाच-सहा बारने पेट्रोल आणून देतो. पुढचे शंभर-दोनशे बार कॅमशाफ्टवर चालणारा तो दुसरा पंप करतो. रीमॅपनंतर कमी पडतो तो बहुधा दुसराच. स्कॅनरवर रेलचा मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी-शेजारी बघा. शिवाय यातल्या बऱ्याच गाड्यांत टाकीतल्या पंपाचा वेग एक कंट्रोल मॉड्यूल कमी-जास्त करतं. तिथे साधा दोन वायरचा पंप जोडला तर मॉड्यूल तरी जळेल नाहीतर एरर कोडांची माळ लागेल. त्याच गाडीसाठी बनवलेलंच किट घ्या, नाहीतर राहू द्या.

विम्याचं आणि आरटीओचंही एका वाक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून हटलेला बदल चालत नाही, तेव्हा रीमॅप आणि मोठा टर्बो करण्याआधी त्याचा विचार तुमचा तुम्ही करा.

बसवताना फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीचा मायनस काढा. झाकणाची रबरी रिंग नवीच घाला. जुनी पेट्रोलने फुगलेली असते आणि परत खोबणीत बसत नाही, मग दाबून बसवलेली रिंग एका बाजूला मुडपते. सगळं जोडल्यावर इंजिन न लावता चावी दोन-तीनदा फिरवा, दाब भरू द्या, आणि सांध्यांवर टॉर्च मारून बघा. गेज अजून लावलेलंच असेल, तर चावी बंद करून दहा मिनिटं काटा बघत राहा. लगेच शून्यावर आला तर पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर यांपैकी काहीतरी आहे. टाकी काठोकाठ भरून पहिली फेरी मारा. रिंग मुडपली असेल तर पूर्ण टाकीला आणि चढावर मागच्या सीटखाली पेट्रोलचा वास येतोच. वास आला की गाडी तिथेच बंद करायची आणि झाकण पुन्हा उघडायचं.